हस्की, लॅब, कारवान की गावठी? बारामती-इंदापुरात कुत्रं आणण्याआधी आपलं घर नीट बघा

व्हॉट्सॲपच्या स्टेटसला पिल्लाचा फोटो पडतो. निळे डोळे, कापसासारखी लव आणि खाली एक ओळ, ‘प्युअर हस्की, आईबाप दोन्ही दाखवू, बारामतीत मिळेल.’ लगेच ‘किंमत?’, ‘लास्ट किती?’, ‘दादा, इंदापूरला पोच कराल का?’ असे मेसेज सुरू होतात. सगळं विचारून होतं, फक्त एक प्रश्न राहून जातो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता हे कुत्रं कुठं असणार आहे?

प्रश्न साधा आहे, पण बारामती आणि इंदापूर तालुक्यात कुत्र्याची निम्मी निवड याच प्रश्नावर होऊन जाते. कालवा आणि ऊस बघून बाहेरच्या माणसाला हा भाग हिरवागार वाटतो. पण नीरेचा कालवा आणि उजनीचं पाणी बाजूला काढलं, तर हा पर्जन्यछायेतला, वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाचा मुलूख आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. ऊन आणि दुष्काळ यांचा पिकांवर, जनावरांवर काय ताण येतो याचा अभ्यास करायला २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली, ती बारामतीजवळच्या माळेगावातच. म्हणजे जिथं उन्हाचा ताण हा संशोधनाचा विषय आहे, तिथं आपण सायबेरियातलं कुत्रं आणायला निघालोय.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडाफार येतो, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. तोंड उघडायचं, ओल्या जिभेवरून आणि घशातून हवा खेळवायची, तिथलं पाणी वाफ होऊन उडालं की अंग थंड होतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ४१ च्या वर गेलं की आतले अवयव बिघडायला लागतात आणि काही तासांत जीव जाऊ शकतो.

हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, ते बर्फात झोपता यावं म्हणून. बरेच जण म्हणतात, ‘उन्हाळ्यात टक्कल करून टाकू की.’ तसं करू नका. वरचा थर ऊनसुद्धा अडवत असतो आणि एकदा मशीन फिरवली की केस पुन्हा तसेच येतील याची खात्री नसते. ‘एसी लावू’ म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या फीडरची लाईट उन्हाळ्यात किती वेळ जाते ते आठवावं.

पगचं दुखणं वेगळं आहे. २००३ च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातीत एका पोराच्या मागेमागे फिरणारा पग आला आणि देशभर पगची लाट उठली. दिसायला गोड, आकारानं फ्लॅटला बेताचा, सगळं खरं. पण त्याचं नाक आणि जबडा माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून आखूड केलाय. ज्या धापांवर कुत्र्याची थंडावण्याची सगळी यंत्रणा उभी आहे, तीच त्याला धड जमत नाही. फ्रेंच बुलडॉगचंही तेच. अशा कुत्र्याला संध्याकाळी सहाच्या आधी रस्त्यावर काढणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. घोरतो म्हणून त्याचा व्हिडिओ टाकतात लोक. पुष्कळदा ते श्वास अडकण्याचं लक्षण असतं.

मग जात बघायचीच नाही का? बघायची. पण जात म्हणजे काय ते समजून बघायची.

प्रत्येक जात ही मुळात एका कामासाठी केलेली निवड आहे. लॅब्राडॉर पाण्यात पडलेला पक्षी उचलून आणायला, जर्मन शेफर्ड मेंढरं वळवायला, हस्की गाडी ओढायला, कारवान ससा पळवून धरायला. हे काम अंगात मुरलेलं असतं, ते कोचावर बसवून जात नाही. पण ‘लॅब म्हणजे शांतच असणार’, ‘शेफर्ड म्हणजे हुशारच निघणार’ या समजुती मात्र फार भरवशाच्या नाहीत. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून त्यांच्या वागण्याची माहिती घेतली होती आणि त्यातल्या दोनेक हजारांचे जनुकही तपासले होते. निष्कर्ष असा की एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचा जातीवरून फक्त ९ टक्क्यांच्या आसपासच उलगडा होतो. बाकी सगळं त्या त्या कुत्र्यावर, त्याच्या आईबापावर आणि तुम्ही त्याला कसं वाढवता त्यावर. म्हणून जातीवरून अंगकाठी, केस, पळण्याची ओढ आणि ठराविक आजार यांचा अंदाज घ्यावा, स्वभावाची हमी मागू नये.

आता घरं बघू. या दोन तालुक्यांत साधारण तीन तऱ्हेची घरं दिसतात आणि तिन्हींना एकच कुत्रं चालत नाही.

पहिलं गावातलं, म्हणजे बारामती शहरातला फ्लॅट किंवा रो-हाऊस. नवराबायको दोघं कामाला, एक जण एमआयडीसीत शिफ्टवर, पोरं शाळा-क्लासला. इथं लॅब्राडॉर सगळ्यात जास्त खपतो, कारण माणसाळलेला असतो. पण तो दिवसभर कोंडायचा कुत्रा नाही आणि खाण्याच्या बाबतीत त्याला अंत नाही. यात त्याचा दोष तरी किती? साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या जनुकात बिघाड असतो, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. आजीनं प्रेमानं दिलेली तिसरी पोळी त्याच्या सांध्यांवर जाऊन बसते. ज्या घरात सकाळ-संध्याकाळ मिळून तासभर चालवायला नक्की कोणी आहे आणि ताट राखायला खमका माणूस आहे, त्यांनी लॅब घ्यावा. नाहीतर पांढरा इंडियन स्पिट्झ बरा. ‘पॉमेरियन’ म्हणून आपल्याकडे विकला जातो तो बहुतेक वेळा हाच. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवा. लहान, चपळ, इथल्या हवेला सरावलेला. भुंकतो मात्र भरपूर, शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत त्याचा आधी अंदाज घ्या.

जर्मन शेफर्डला रोज काम आणि शिकवण लागते, शिवाय खुब्याच्या सांध्याचा आजार या जातीत बराच आढळतो. एक्स-रे आणि शस्त्रक्रियेची वेळ आली की बरेच जण पुणं गाठतात आणि बारामतीहून पुणं शंभर किलोमीटर आहे. तालुक्यातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा मुख्य व्याप गायी-म्हशींचा. त्यामुळे ज्या जातीत ठरलेले आजार जास्त, तिचा खर्च पिल्लाच्या किमतीच्या कितीतरी पुढं जातो.

दुसरं घर वस्तीवरचं. ऊस, दोनचार जर्श्या, शेळ्या, गोठा आणि घरापासून हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. इथं कुत्रं हौसेला नाही, राखणीला लागतं. म्हणून लोक ‘काहीतरी दणकट’ शोधतात. रॉटवायलर, पिटबुल, आता रील बघून कंगाल, कॉकेशियन शेफर्डची चौकशी होते. कायद्याचं थोडक्यात सांगायचं तर मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं अशा २३ जातींची पैदास आणि विक्री थांबवा असं परिपत्रक राज्यांना काढलं आणि त्यात वरच्या सगळ्या जाती होत्या. संबंधितांचं म्हणणं ऐकून न घेता ते काढलं म्हणून एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. पण कायदा घडीभर बाजूला ठेवा. ज्या वस्तीवर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, दूधवाला पहाटे येतो, पाव्हणेरावळे विचारल्याशिवाय आत शिरतात, तिथं पन्नास किलोचा संशयी कुत्रा हाताळायला घरातलं कोण आहे? ज्यानं हौसेनं आणला तो तर दिवसभर बाहेर असतो. साखळी आईच्या नाहीतर आजोबांच्या हातात येते.

आणि या घराला आणखी एक गोष्ट लागू होते, ती म्हणजे बिबट्या. पूर्वी जुन्नर-आंबेगाव-शिरूरपुरता वाटणारा हा विषय गेल्या काही वर्षांत दौंड, इंदापूर, बारामतीच्या उसापर्यंत आलाय. बिबट्याला कुत्रं हुसकावून लावेल अशी आपली समजूत. प्रत्यक्षात काय होतं ते अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तपासलं. तोही ऊस-शेतीचाच मुलूख. त्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून त्यातले केस ओळखले, तेव्हा वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. त्यामागची मेख वस्तीवरच्या माणसाला सांगायला नको. शेळ्या रात्री आत कोंडलेल्या असतात आणि कुत्रं अंगणात.

म्हणजे वस्तीवर कुत्रं ठेवायचं तर त्याचं काम भुंकून सावध करणं एवढंच समजा, झुंजणं नाही. त्यासाठी मोठी जात लागत नाही, कान तिखट लागतात. सांजेनंतर साखळीनं अंगणात बांधून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण त्याला पळताही येत नाही. रात्री गोठ्यात, जाळीच्या आत, छप्पर असलेल्या जागी. भुंकलेलं तिथूनही ऐकू येतं. ही सोय करायची तयारी नसेल तर महागडं पिल्लू आणू नका, आणि खरं तर स्वस्तातलंही आणू नका.

तिसरं घर माळाकडेचं. बारामतीत सुपे, शिर्सुफळ, इंदापुरात कडबनवाडी, म्हणजे गवताळ माळरान, तिथले चिंकारा, लांडगे, खोकड आणि मेंढरं घेऊन फिरणारे धनगर. कारवान कुत्र्याचं वेड खरं या पट्ट्यातलं. उंच, पोट आत गेलेलं, लांबोडकं तोंड, अंगावर मांस कमी आणि जवळजवळ सगळं पळण्याच्या कामी लागलेलं. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा हाउंड तो हाच, किंवा याचाच सख्खा भाऊ. एक कुत्रासंघटना ‘कारवान हाउंड’ नावानं नोंदवते, दुसरी ‘मुधोळ हाउंड’. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. २००५ मध्ये टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं, २०१६ मध्ये लष्करानं मेरठला तिची पिल्लं प्रशिक्षणाला घेतली आणि पुढं करनालच्या राष्ट्रीय ब्युरोनं देशी जात म्हणून नोंदही केली. मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं सरकारी संशोधन केंद्र आहे, खात्रीचं पिल्लू हवं असेल तर चौकशीला तीच जागा.

इथल्या हवेत कारवानसारखा कुत्रा नाही. आखूड केस, हलकं अंग, खाणं बेताचं, घरच्यांवर जीव टाकणारा. पण तो ‘सगळ्यांचा लाडका’ होत नाही. परक्यानं हात लावलेला त्याला आवडत नाही, दटावलं तर मनात धरतो, आणि काहीतरी पळताना दिसलं की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही. शेजारच्या कोंबड्या आणि मांजरं यांचा हिशेब आधीच करून ठेवा.

माळावर मोकळा सोडला तर हिशेब आणखी वाढतो. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे. आकार जेमतेम पाच चौरस किलोमीटर, आणि चिंकाऱ्याला हद्द कळत नाही, तो बाहेरच्या पडीक रानातही चरतो. वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात जनावराच्या मागे कुत्रं घालून पळवणंही येतं. म्हणजे कारवानचं जे पिढीजात काम, तेच गुन्हा. चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद. ‘मी नाही, कुत्र्यानं धरलं’ हे सांगून सुटका होईल या भरवशावर राहू नये. कारवानला पळवायचं तर कुंपण घातलेलं रान किंवा लांब दोरी.

मोकळ्या कुत्र्यांचा त्रास लांडग्यालाही होतो. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय लस न दिलेल्या कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे रोग माळावरच्या जनावरांत जातात. मेंढपाळांकडे असतात ती कुत्री लहानपणापासून मेंढरांत वाढलेली असतात, त्यांना जातीचं नाव नसतं आणि त्यांची किंमत कामावर ठरते. कोकरांच्या अंगाला अंग लावून झोपलेलं पिल्लू मेंढरावर तोंड टाकत नाही, हे ज्ञान कुठल्या ब्रीडरकडे विकत मिळत नाही.

खाण्याचं पण बोलायला हवं, कारण आपल्याकडे ‘दूधभाकरीवर वाढेल’ असं सर्रास म्हणतात. गावठी कुत्रं भाकरी पचवतं हे खरं आहे आणि त्यालाही कारण आहे. शेती करणाऱ्या माणसाच्या सोबतीनं राहून कुत्र्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी वाढल्या. हस्कीसारख्या शेती नसलेल्या मुलखातल्या कुत्र्यांत त्या कमी आढळतात. पुन्हा एकदा हस्कीच नापास. पण गावठी असो की लॅब, नुसत्या दूधभाकरीवर प्रथिनं पुरत नाहीत, अंडी, मांस नाहीतर चांगलं तयार खाद्य लागतंच. तीस किलोच्या कुत्र्याला कोरडं खाद्य महिन्याला दहा-बारा किलो जातं, दुकानात जाऊन भाव विचारा आणि बारानं गुणा. बागाईतदारांनी एक लक्षात ठेवावं, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. इंदापूर-बारामतीच्या द्राक्षबागेत खाली पडलेले घड पिल्लाला सहज मिळतात. संशय टार्टारिक आम्लावर आहे आणि ते चिंचेतही असतं. कांदाही चालत नाही.

जात ठरली, तर विकणाऱ्याला काय विचारायचं? २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ‘महिन्याचंच आहे, लवकर लळा लागेल’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. आईला प्रत्यक्ष बघा, फोटोत नाही. ती घाबरट किंवा चावरी असेल तर पिल्लाकडून वेगळी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. लसीचं कार्ड मागा. पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होऊन साधारण चार महिन्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यायच्या असतात, रेबीजची तीन महिन्यांला. एक डोस झाला म्हणजे ‘फुल व्हॅक्सिनेटेड’ नव्हे. आपल्याकडे गोचीडही फार, तिच्यातून येणारा ताप इथल्या कुत्र्यांचा नेहमीचा आजार आहे, जनावरांचा गोठा जवळ असेल तर आणखीच.

आणि पैसे न देता मिळणारं कुत्रं? मला विचाराल तर या दोन तालुक्यांतल्या दहातल्या सात घरांना गावठीच बसतं. तुमच्या गल्लीत जे दीड-दोन वर्षांचं कुत्रं इथले उन्हाळे-पावसाळे काढून ठणठणीत आहे, त्यानं इथल्या हवेची परीक्षा आधीच दिलीय. मोठं कुत्रं घेण्यात आणखी एक फायदा असतो, त्याचा स्वभाव दिसतो. पोरांशी कसं वागतं, गाडीमागे धावतं का, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतं का, हे पंधरा दिवस नुसतं बघून कळतं. पिल्लाच्या बाबतीत तो जुगार असतो. लोक मादी टाळतात आणि म्हणून उकिरड्याजवळ सोडलेल्या पिल्लांत माद्याच जास्त दिसतात. नसबंदी केली की तोही प्रश्न मिटतो, आणि घर राखण्यात मादी कुठंही कमी नसते. रेबीजची लस मात्र दरवर्षी, त्यात सूट नाही. घरच्या कुत्र्याचा दात लागला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. हळद-चुना लावत बसायचं नाही.

आणायचंच ठरलं तर एप्रिल-मे टाळा. दिवाळीनंतर आणलं तर घर, माणसं, लसी, पट्टा हे सगळं अंगवळणी पडायला होळीपर्यंत चार महिने मिळतात आणि पहिल्या उन्हाळ्याच्या आत पिल्लू सावरतं. फक्त तोवर ऊसतोडही सुरू झालेली असते आणि उसातला बिबट्या जागा बदलायला लागतो, तेव्हा वस्तीवर राहत असाल तर पहिल्या रात्रीपासून त्याचं पोतं दाराच्या आतल्या बाजूला टाका.